मागणी नोंदवली... पुढं काय होतं?

मुलांनो, तुमच्या घरी मोबाईलवरून कधी काही मागवलंय का? कुणी दप्तर मागवलं असेल, कुणी चपला, तर कुणी ताईच्या लग्नासाठी बांगड्या. बटण दाबलं की चार-पाच दिवसांनी दारात मोटारसायकल थांबते, पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला दादा हाक मारतो आणि खोकं हातात देतो. झालं काम!

पण जरा विचार करा. त्याच दिवशी देशभरात लाखो लोकांनी अशीच बटणं दाबलेली असतात. मग त्या गर्दीतून नेमकं तुमचंच खोकं, तुमच्याच दारात कसं येतं? तुमचं दप्तर लातूरला आणि लातूरच्या कुणाची कढई तुमच्याकडे, असं रोज का होत नाही?

याचं उत्तर शोधायला मुंबई-बंगळूरला जायला नको. आपल्या शिराळ्याच्या पेठेतल्या किराणा दुकानापासून सुरुवात करू.

पाच प्रश्न

नागपंचमीच्या आधीचे आठ दिवस आठवा. घरोघरी पाहुणे येणार असतात. पुरणाच्या दिंडांसाठी हरभऱ्याची डाळ हवी, गूळ हवा, लाह्या हव्यात. दुकानात ही गर्दी! एकजण यादी देऊन भाजी आणायला जातो, दुसरा फोनवर यादी सांगतो, तिसरी काकू समोर उभी राहून म्हणते, "आधी माझं द्या हो, गाडी सुटंल."

दुकानदार काका काय करतात, ते एकदा नीट बघा. आलेली यादी ते क्रमाने खिळ्याला अडकवतात. वरती नाव लिहितात. नुसतं 'पाटील' लिहून भागत नाही, कारण दहा पाटील असतात. म्हणून 'वरच्या आळीचे पाटील' असं लिहितात. मग यादीवर नजर टाकून म्हणतात, "खोबरं संपलंय, उद्या येईल. चालंल का?" होकार मिळाला, की दुकानातला पोरगा एकेक जिन्नस काढतो, काका यादीवर बरोबरच्या खुणा करतात, माल पिशवीत भरला जातो, पिशवीवर नाव पडतं. शेवटी हिशेब होतो. रोख असेल तर गल्ल्यात, उधार असेल तर वहीत.

म्हणजे काका स्वतःला पाच प्रश्न विचारत असतात:

१. मागणी कुणाची?
२. काय हवं आणि किती?
३. आपल्याकडे ते आहे का?
४. द्यायचं कुठं?
५. पैसे कसे येणार?

तुम्हाला गंमत सांगते. जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानालासुद्धा हेच पाच प्रश्न पडतात. सहावा नाही! फरक एवढाच, की काकांना गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो. गिऱ्हाईक शेकडो मैलांवर गेलं, की यातला एकेक प्रश्न अवघड होत जातो. तो सोडवायला माणसांनी काय काय युक्त्या काढल्या, तीच आजची गोष्ट.

पैसे आधी की माल आधी?

आधी पाचवा प्रश्न घेऊ, कारण भांडण पैशावरूनच होतं! दुकानदार म्हणणार, "आधी पैसे पाठवा." गिऱ्हाईक म्हणणार, "आधी माल दाखवा." दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. मग विश्वास ठेवायचा कुणी?

आपल्या देशात यावर तोडगा काढला तो पोस्टाने. १८७७ साली 'व्ही. पी.' म्हणजे व्हॅल्यू पेएबलची पद्धत सुरू झाली. दुकानदाराने पार्सल पोस्टात द्यायचं आणि त्यावर किंमत लिहायची. पोस्टमन ते घेऊन गिऱ्हाइकाकडे जायचा, पैसे घ्यायचा आणि मगच पार्सल हातात द्यायचा. ते पैसे पोस्ट दुकानदाराकडे पोचवायचं. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसला तरी चालेल, दोघांचाही पोस्टमनवर विश्वास असला म्हणजे झालं! पुढे १८८० साली पोस्टाची मनिऑर्डरही सुरू झाली. तुमच्या आजोबांना विचारा, व्ही. पी.ने पुस्तकं किंवा औषधं मागवल्याची आठवण नक्की निघेल.

तिकडे अमेरिकेत १८७२ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यांनी एका कागदावर मालाची आणि किमतींची यादी छापून शेतकऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. शेतकऱ्याने यादी वाचायची, मागणीचं पत्र टाकायचं, माल रेल्वेने यायचा. तो एक कागद वाढत वाढत पुढे जाडजूड पुस्तक झाला.

आपल्या सांगली जिल्ह्यातही लांबच्या गिऱ्हाइकाला माल विकणारं एक मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, अशी तेव्हा कित्येक शेतकऱ्यांना भीती वाटायची. त्यामुळे नांगर खपायला फार वेळ लागला. १९१० साली कारखाना कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचावी, हा त्याचा एक हेतू होता. बघा, दुकानात न येणाऱ्या माणसाला आधी माहिती द्यावी लागते. मगच तो मागणी करतो.

आणि आजची 'कॅश ऑन डिलिव्हरी'? ती या व्ही. पी.चीच नात! फ्लिपकार्ट या कंपनीने २०१० साली ही सोय सुरू केली आणि कार्डाने पैसे भरायला कचरणारी माणसंसुद्धा घरबसल्या खरेदी करू लागली. पुढे २०१६ मध्ये यूपीआय आलं. आता तर शेंगदाणे विकणाऱ्या मावशींच्या गाड्यावरही चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड लटकलेला असतो.

सहा आकड्यांची जादू

आता चौथा प्रश्न. द्यायचं कुठं?

महाराष्ट्रात वडगाव किती असतील? आणि पिंपळगाव? मोजता मोजता दमाल. त्यातून पत्ता कुणी मराठीत लिहितो, कुणी कानडीत, कुणी इंग्रजीत, आणि अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! पत्रं वाटताना पोस्टाची दमछाक व्हायची.

यावर उपाय शोधला एका मराठी माणसाने. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडितही होते. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. भाषा कुठलीही असो, आकडा सगळ्यांना सारखाच!

आपल्या शिराळ्याचा पिनकोड आहे ४१५४०८. तो उलगडून बघू. पहिला आकडा ४, म्हणजे देशाचा पश्चिमेकडचा विभाग. यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिले तीन आकडे मिळून, म्हणजे ४१५ मिळून, टपालाची वर्गवारी जिथे होते तो भाग कळतो. शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिस दाखवतात.

यात एक कोडं आहे. शिराळा तालुका सांगली जिल्ह्यात. पण सांगली शहराचा पिनकोड आहे ४१६४१६. आणि आपल्यासारखा ४१५ने सुरू होणारा कुणाचा? साताऱ्याचा, ४१५००१. कराडचा, ४१५११०. इतकंच काय, सह्याद्रीपलीकडच्या रत्नागिरीचाही, ४१५६१२! असं का? कारण पिनकोड जिल्ह्याच्या हद्दीवर बेतलेला नाही, टपालाच्या वाटेवर बेतलेला आहे. नकाशात गाव कुठल्या जिल्ह्यात आहे यापेक्षा तिथली पिशवी कुठून येते, याला पोस्टाच्या लेखी महत्त्व.

आज ऑनलाइन दुकानात पत्ता भरताना आधी पिनकोड विचारतात, तो यासाठीच. तेवढ्या सहा आकड्यांवरून कॉम्प्युटर ठरवतो, की माल कुठल्या गोदामातून काढायचा, कुठल्या गाडीत चढवायचा आणि कोणत्या तारखेला पोचेल असं सांगायचं.

शेवटचं खोबरं कुणाला?

तिसरा प्रश्न दिसतो सोपा, पण आहे भारी खट्याळ. माल आहे का?

दुकानदार काका मागे वळून फळीकडे बघतात. ऑनलाइन दुकानाला फळी नाही. कॉम्प्युटरमध्ये आकडा असतो, 'शिल्लक १'. आता समजा, त्या शेवटच्या दप्तरासाठी शिराळ्यातून तुम्ही आणि नागपुरातून दुसऱ्या कुणी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांनाही 'मिळेल' असं सांगितलं, तर एकाला दिलेला शब्द मोडणार! म्हणून ज्याची मागणी किंचित आधी नोंदली जाते, त्याच्या नावावर कॉम्प्युटर ते दप्तर लगेच अडवून ठेवतो आणि दुसऱ्याला 'संपलं' असं सांगतो. रिकाम्या बाकावर आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, अगदी तसंच!

कधी कधी मात्र माल हाताशी नसतानाही शब्द पाळावा लागतो. फ्लिपकार्ट २००७ साली बंगळुरात सुरू झाली, तेव्हा ती फक्त पुस्तकं विकायची. तिची पहिली मागणी आली महबूबनगरहून, एका इंग्रजी पुस्तकासाठी. आणि नेमकं तेच पुस्तक जवळ नव्हतं! चालवणाऱ्या दोघा तरुणांनी बंगळूरची दुकानं पालथी घातली, पुस्तक शोधलं आणि पाठवून दिलं. पहिल्याच गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणाले असते तर?

काळ्या रेघांची बोली

आता पहिला आणि दुसरा प्रश्न, कुणाची आणि काय. इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात. आमच्या शाळेतली एक हकिगत सांगते. पहिलीच्या वर्गासाठी आम्ही एका दुकानातून दुरेघी वह्या मागवल्या होत्या, चाळीस. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं. दुकानातल्या माणसाने आपल्या वहीत उतरवून घेताना फक्त 'वह्या ४०' एवढंच लिहिलं. झालं! गठ्ठा आला एकरेघी वह्यांचा. संख्या बरोबर, शाळा बरोबर, बिल बरोबर, पण पहिलीच्या पोरांना अक्षर गिरवायला दोन रेघा हव्यात ना! मुख्याध्यापकांनी आमच्या चिठ्ठीची नक्कल ठेवली होती. ती दाखवल्यावर वह्या बदलून मिळाल्या, पण त्यात चार दिवस गेले. तोवर पोरं पाटीवरच लिहीत होती.

यातून काय दिसतं? मागणी उतरवून घेतानाच चूक झाली, तर पुढचं सगळं काम चोख होऊनही माल चुकीचाच येतो. मग चूक होऊ नये म्हणून काय करायचं? लिहिणंच टाळायचं!

ही युक्ती अमेरिकेतल्या नॉर्मन वुडलँड या तरुणाला सुचली. समुद्रकिनारी बसून तो तारायंत्राच्या मोर्स लिपीतल्या टिंब-रेघांचा विचार करत होता. बोटांनी त्याने त्या वाळूत लांब ओढल्या, आणि जाड-बारीक रेघांची लिपी तयार झाली! या शोधाचं पेटंट १९५२ साली मिळालं. पण त्या रेघा झटपट वाचणारं यंत्र सोयीचं व्हायला वेळ लागला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, दुकानातल्या यंत्राने पहिल्यांदा बारकोड वाचला. कशावरचा, ठाऊक आहे? च्युइंगगमच्या पाकिटावरचा!

आता गोदामात काय होतं ते बघा. मुंबईजवळच्या भिवंडीत मोठमोठी गोदामं आहेत. समजा, तुमचं दप्तर तिथे आहे. तुमच्या मागणीला एक नंबर मिळतो. सबंध देशात त्या नंबराची दुसरी मागणी नसते. दहा पाटील असोत की दहा हजार, गोंधळ नाही! कामगाराच्या हातातल्या यंत्रावर दिसतं, 'अमुक रांग, अमुक खण'. तो जातो, दप्तरावरचा बारकोड यंत्राला दाखवतो. चुकून शेजारचं दप्तर उचललं असेल तर यंत्र लगेच 'नाही' म्हणतं.

आणि तुम्हाला वाटत असेल, गोदामात सगळी दप्तरं एका जागी, सगळ्या कढया एका जागी असतील. अ‍ॅमेझॉनच्या कित्येक गोदामांत तसं नसतं! एकाच रॅकवर डबा, पुस्तक, बाहुली आणि स्क्रू ड्रायव्हर शेजारी शेजारी बसतात. रिकामी जागा दिसेल तिथे वस्तू ठेवायची आणि जागेची नोंद कॉम्प्युटरला द्यायची. यात दोन फायदे होतात. जागा वाया जात नाही, आणि शेजारच्या वस्तू अगदी वेगळ्या असल्यामुळे उचलताना गफलत होत नाही. घरी आईला मात्र ही युक्ती सांगू नका!

शेवटचा मैल

खोकं बांधलं, चिठ्ठी चिकटवली, गाडीत चढलं. रात्रभर महामार्गावरून प्रवास, वाटेतल्या मोठ्या केंद्रावर पुन्हा वर्गवारी, मग छोट्या टेम्पोने शिराळा. प्रत्येक ठिकाणी बारकोड वाचला जातो, म्हणून तर तुम्हाला मोबाईलवर 'निघालं', 'पोचलं' असं दिसतं.

पण खरी परीक्षा शेवटी असते. शहरात घराला नंबर असतो, गल्लीला नाव असतं. आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर पत्ता कसा असतो? 'मारुतीच्या देवळामागं, चिंचेजवळ.' चांदोलीच्या बाजूला डोंगरात पावसाळ्यात पाऊस म्हणजे नुसती झोड, आणि मोबाईलला रेंज सापडेल तिथे. तो दादा पंचवीस-तीस खोकी पाठीवर घेऊन अशा वाटांनी हिंडतो. म्हणून पत्त्यात जवळची ठळक खूण आणि चालू असलेला फोन नंबर लिहिणं फार गरजेचं. यावर तोडगा म्हणून टपाल खात्याने २०२५ साली 'डिजिपिन' आणला. देशाच्या नकाशावर साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोन आखले आणि प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली. म्हणजे चिंचेजवळच्या घरालाही स्वतःचा पत्ता!

गंमत म्हणून मागवलं, तर?

आता जरा कान इकडे करा. काही मुलं मोठ्यांच्या मोबाईलवरून गंमत म्हणून काहीतरी मागवतात. 'पैसे नंतर द्यायचेत, आलं तर परत पाठवू!' असं म्हणतात. पण ते खोकं कुणीतरी शोधलेलं असतं, कुणीतरी बांधलेलं असतं. गाडीने डिझेल जाळलेलं असतं. कित्येक ठिकाणी खोकं पोचवणाऱ्या दादाला पोचवलेल्या खोक्यांवर पैसे मिळतात. परत गेलेल्या खोक्यासाठी त्याचं पेट्रोल मात्र जळतंच. विकणारी एखादी पापड-लोणची करणारी ताई असेल, तर जायचा आणि यायचा दोन्ही खर्च तिच्या डोक्यावर बसू शकतो. मागणी म्हणजे शब्द असतो. दुकानदाराने पाळायचा, तसा आपणही.

आणि दुकानदाराने शब्द मोडला तर? फुटकी, चुकीची वस्तू आली तर गप्प बसू नका. २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन दुकानाने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा सरकारी फोन नंबर आहे. मागणीचा नंबर, बिल आणि वस्तूचा फोटो जपून ठेवा. आमची चिठ्ठीची नक्कल आठवते ना? मात्र ओटीपी, म्हणजे मोबाईलवर आलेले गुप्त आकडे, फोनवर कुणालाही सांगायचे नाहीत. खोकं समोर असेल आणि घरातलं मोठं माणूस जवळ असेल, तेव्हाच!

करून पाहा : बारकोड खरा की खोटा?

बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड घ्या. खाली १३ आकडे असतात. सुरुवातीला ८९० असेल, तर तो नंबर भारतात नोंदवलेला आहे. शेवटचा आकडा असतो राखणदार! तो असा तपासा. नमुना म्हणून हा नंबर घेऊ: ८९०१२३४५६७८९०.

१. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक, अकराव्यापर्यंतचे आकडे मिळवा: ८+०+२+४+६+८ = २८.
२. दुसरा, चौथा, सहावा असे बाराव्यापर्यंतचे मिळवा: ९+१+३+५+७+९ = ३४. याला ३ने गुणा: १०२.
३. दोन्ही मिळवा: २८+१०२ = १३०.
४. यात किती मिळवले की दहाच्या पाढ्यातली संख्या येईल? १३० तर आहेच त्या पाढ्यात, म्हणून ०. आणि आपला तेरावा आकडा ० आहे. जमलं!

आता मधला एखादा आकडा बदलून बघा. राखणदार लगेच चोर पकडतो. घरातले पाच पुडे तपासा, गणिताच्या वहीत मांडा आणि बाईंना दाखवा.

आणखी एक. पुढच्या वेळी वाणसामानाची यादी तुम्हीच लिहा. वरती नाव आणि तारीख, प्रत्येक जिनसापुढे वजन, खाली फोन नंबर. दुकानदार काका यादी हातात घेतील आणि एकही प्रश्न न विचारता माल काढायला लागतील, तर समजा, मागणी नोंदवायची विद्या तुम्हाला आली!